पन्नास नंबरचा दगड

मायलो सेद्लाचेक आमच्या कॅल्डर फोर्डच्या सहकारी धान्यकोठाराचा व्यवस्थापक आहे. तो ट्रक वजनकाट्यावर घेतो, मक्याची ओल तपासतो आणि कुणी फुटबॉलचा विषय काढला की काट्याकडे बघत राहतो. एक्केचाळीस साली याच माणसाला कॉलेजच्या पोरांनी खांद्यावर बसवून गावभर मिरवलं होतं. त्या मोसमात चेंडू हातात घेऊन, समोरच्या संघाची शेवटची रेषा ओलांडून त्याने सतरा टचडाउन केले होते. पुढे युद्धात त्याने चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान चालवलं आणि पस्तीस मोहिमा पुऱ्या केल्या. एकोणपन्नास सालच्या माजी विद्यार्थी मेळाव्याच्या पत्रिकेत कॉलेजच्या संघाला पैसा पुरवणाऱ्या बूस्टर क्लबाने हे दोन आकडे एकाखाली एक छापले, रेघ मारली आणि बेरीज केली. बावन्न.

त्या सतराही वेळा मायलोच्या हातात चेंडू आला तो एमिल व्होंद्राकडून. एमिल सेंटर होता, पाठीवर पन्नास नंबर. सेंटरने दर डावाला वाकायचं, पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि लगेच दोघातिघांच्या खाली चिरडून घ्यायचं. पेपरात त्याचं नाव येत नाही. खटपट करून मायलोने एमिलला आपल्याच विमानात घेतलं, बॉम्ब सोडायच्या कामावर. तिथेही काम वाकूनच होतं, विमानाच्या नाकातल्या काचेत, दुर्बिणीला डोळा लावून. एकोणिसाव्या मोहिमेत तोफगोळ्याचा एक तुकडा ती काच फोडून आत आला.

रॉइस टिलटसन हा बूस्टर क्लबाचा अध्यक्ष. त्याच्या दुकानात पुढच्या दाराला पलंग आणि मागच्या दाराला शवपेट्या मिळतात. थडग्याचे दगडही तोच कोरून देतो. सप्टेंबरात तो कोठारावर आला.

"मायलो, अरे, यंदा काय करायचं ठरलंय ऐक. मेळाव्याच्या सामन्यात मध्यंतराला तू फवारणीचं ते पिवळं विमान घेऊन यायचंस. मैदानात आम्ही समोरच्या संघाचं ब्लेन्सबर्ग गाव उभं करणार, खोक्यांचं. तू वरून पिठाच्या पिशव्या टाकायच्या. धडाम! लोक वेडे होतील."

"दुसरा कुणी बघा."

"दुसऱ्याने टाकलं तर ते पीठ, बाबा. तू टाकलंस तर बॉम्ब!"

मायलोने पुढच्या ट्रकला हात केला. टिलटसन हलला नाही. म्हणाला, "स्टेडियमच्या नव्या गेटात तुझ्या नावाचा दगड बसवतोय. शेजारी एक जागा रिकामी आहे. व्होंद्राचा दगड कोरायला किती वेळ लागतो?"

एमिलचं थडगं गावात नाही, परदेशातल्या लष्करी दफनभूमीत आहे. त्याची आई, बोझेना, वयाची सत्तरी ओलांडलेली बाई, तिथे कधी जाणार नव्हती. पोराच्या नावावर हात ठेवता येईल असा एक दगड तिला गावात हवा होता. हे मायलोला माहीत होतं आणि टिलटसनलाही. मायलो हो म्हणाला.

मेळाव्याच्या दिवशी नव्या गेटाच्या दोन दगडांवर लाल कापड होतं. बोझेना काळा पोशाख घालून पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर खसखशीच्या कोलाच्यांचा, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचा, डबा. मध्यंतर झालं. ध्वनिक्षेपकावर उलटे आकडे सुरू झाले. चार हजार माणसं ते आकडे ओरडत होती, पाद्रीसुद्धा.

मायलोने ते गाव वरून प्रथमच पाहिलं. खोकी टिलटसनच्या दुकानातली होती, माणूस मावेल एवढी. छपरं लावली नव्हती, म्हणजे स्टँडच्या वरच्या रांगांतून आतलं दिसावं. आणि घर वाटावं म्हणून पोरांनी आत दुकानातल्या मोडक्या खाटा मांडल्या होत्या. एका खाटेवर उशीही होती.

युद्ध संपल्यावर मेकॅनिक लोकांना बक्षीस म्हणून विमानातून जर्मनी दाखवून आणत. मायलोने अशी एक फेरी केली होती, हजार फुटांवरून. छपरं उडालेल्या घरांत तेव्हाही त्याला पलंगच दिसले होते. मागे बसलेला एक मेकॅनिक ते बघत सँडविच खात होता, असं मायलोने पुढे मला सांगितलं.

पिवळं विमान मैदानावरून गेलं. पीठ पडलं नाही. ते वळलं, पुन्हा आलं, आणि तसंच पुढे जाऊन ओट्टो नीमनच्या कुरणात उतरलं. लोकांनी हुर्यो केली. कुणीतरी ओरडलं, "तिथेही असंच केलंस का रे?" यावर बराच हशा पिकला.

टिलटसनने एका दगडावरचं कापड काढलं. एमिलच्या दगडावरचं काढलं नाही. बोझेना डबा घेऊन अर्धा तास तिथे उभी होती. आठवड्याने तो दगड निघाला, उलटा करून पुन्हा बसवला गेला. त्याच्या दुसऱ्या बाजूवर आता 'तिकिटं डावीकडे' असं कोरलेलं आहे. आपलं नाव असलेला दगडही काढा, असं मायलोने कॉलेजला लिहून दिलं. उत्तर आलं की दगड कॉलेजच्या मालकीचा आहे.

बोझेनाने मायलोला घरात घेतलं नाही. जाळीच्या दारामागूनच म्हणाली, "पीठच होतं ना ते? पीठ! माझ्या पोराचं नाव यायचं होतं आणि तुला आता किळस आली होय?"

"हो, तेता."

तेता म्हणजे मावशी. आमच्याकडच्या चेक घरांत शेजारणीलाही तेता म्हणतात. तिने दार लावून घेतलं. हिवाळाभर ती त्याच्याशी बोलली नाही.

मार्चमध्ये कोठाराला चुना द्यायचा होता. कोठार सव्वाशे फूट उंच, गावातली सगळ्यात उंच गोष्ट, आणि त्याची पूर्वेची भिंत स्टेडियमच्या प्रत्येक खुर्चीवरून दिसते. मायलोने शेतकऱ्यांच्या सभेत विषय मांडला. ओट्टो नीमन म्हणाला, "रंग कमी पडला तर माझ्याकडे ट्रॅक्टरचा हिरवा आहे." सभा दहा मिनिटांत संपली. मायलो स्वतः दोरांना टांगलेल्या फळीवर लोंबकळत चार दिवस रंगवत होता. एमिल व्होंद्रा, पन्नास. अक्षरं पुरुषभर उंच.

पाचव्या दिवशी बोझेना आली. बराच वेळ मान वर करून उभी राहिली, मग भिंतीच्या तळाशी जाऊन तिने चुन्यावर तळहात ठेवला. "शून्य वाकडं आलंय," ती म्हणाली, आणि कोलाच्यांचा डबा वजनकाट्यावर ठेवून गेली.

यंदाच्या मेळाव्यात मी टिलटसनच्या मागच्याच रांगेत होतो. तो बाहेरगावच्या पाहुण्यांना कोठाराकडे बोट करून दाखवत होता. "क्लबाचीच कल्पना," तो म्हणाला. "आपल्या पोरांना आपण विसरत नाही."