तापलेला लेसर

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं — नवऱ्याला नाही, आईलाही नाही. गेल्या रविवारी पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि जिला सांगायला हवं होतं तिलाच सांगितलं. आता तुमच्यापाशी कसली लाज?

कोल्हापुरात पीएचडी करत होते. काचेवर उजेड ओळखणाऱ्या सेमीकंडक्टरचा पातळ थर चढवायचा, त्यावर गॅस लेसरचा लाल किरण सोडायचा आणि करंट किती येतो ते बघायचं. तो वाढवायचा, एवढाच ध्यास. जोडीला गडहिंग्लजची शिवलीला. आमची खोली एक, डबा एक.

एका दुपारी लाइट गेली, आली. आमचा जुना लेसर तापेपर्यंत मंद असायचा, म्हणून अर्धा तास थांबायचं असा नियम. मी थांबले नाही — घाई, दुसरं काय? थंड लेसरवरच थर मोजला. मग करंट वाढतो का बघायला तो भट्टीत भाजून आणला आणि पुन्हा मोजला. करंट केवढा वाढलेला! आमचे गाइड सर खूश, विभागात पेढे.

पेढा तोंडात असतानाच लक्षात आलं — मधल्या वेळात लेसर तापला होता, वाढला होता तो त्याचा उजेड. थर होता तसाच होता. बोलले का मी? नाही. दुसरा पेढा घेतला.

आणि मग सरांनी तेच काम शिवलीलाला करून बघायला सांगितलं. ती लेसर तापेपर्यंत नेमानं बसून राहायची. तिला वाढ दिसणार कुठून? पुन्हा भाजायची, पुन्हा मोजायची. शेवटी सर सगळ्यांदेखत म्हणाले, हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही. मी शेजारीच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी काचा पुसत राहिले. ती पीएचडी सोडून गावी गेली, मामाच्या दुकानात बसली. मी डॉक्टर झाले.

रविवारी फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझ्याच हाताला गुण न्हाय." आणि वर, "तवाच बोलायचं की गं!"

सोमवारी सरांनाही कळवलं. पदवीचं व्हायचं ते होवो. मी गाढ झोपतेय, जेवण गोड लागतंय — उरावरचा धोंडा उतरलाय, खोटं कशाला बोलू?

घाबरले होते, असं तिला सांगता आलं असतं. पण मी घाबरले नव्हते. मला पुढं जायचं होतं, आणि ती मागं पडत होती, ते मला चाललं.