मेव्हण्याच्या नावाचा पत्ता

मेव्हणा दुकान सोडून गेला याचं घड्याळजींना फारसं वाईट वाटलं नव्हतं. समोरच्याच फुटपाथवर त्यानं स्वतःचं दुकान थाटलं, तेही त्यांनी गिळलं. पण जाता जाता तो गिऱ्हाइकांना सांगून गेला, "भावोजींचा हात आता थरथरतो." हे मात्र त्यांच्या घशात अडकलं. हात थरथरत होता, ही गोष्ट खरी होती. म्हणूनच जास्त झोंबलं.

शेजारच्या गाळ्यातली कॉम्प्युटरवाली त्यांची मेल लावून द्यायला आली, तेव्हा मेव्हण्याच्या नावाच्या पत्त्याचा प्रश्न निघाला.

"काका, तुमची खरी पेटी एकच आहे. चौकशीचा, तक्रारीचा आणि मेव्हण्यांच्या नावाचा, हे तीन पत्ते म्हणजे नुसत्या पाट्या. त्यांच्यावर आलेलं कुठे टाकायचं ते तुम्ही ठरवा. सगळं एकाच पेटीत घ्या, नाहीतर प्रत्येकाला वेगळा कप्पा करू. तिसरी तऱ्हा म्हणजे मेव्हण्यांचं परस्पर त्यांच्याकडे वळवायचं. माणूस सोडून गेला की सगळे तेच करतात."

"माझ्या पेटीत टाक सगळं," घड्याळजी म्हणाले. "त्याचं आधी."

तेव्हापासून दुकान उघडलं की झाडू मारण्याआधी ते मेल वाचत. मेव्हण्याला शोधणाऱ्या प्रत्येकाला एका बोटानं टाइप करून कळवत, 'ते आता इथे नसतात. काम मी करतो.'

"माझ्या भावाच्या मेल वाचता आणि वर हसता?" बायको डबा ठेवता ठेवता म्हणाली.

"पत्ता दुकानाचा आहे. तुझ्या माहेरचा नाही."

मग एक दिवस सुट्या भागांच्या व्यापाऱ्याची मेल आली. त्याच्याकडे मेव्हण्याचा जुनाच पत्ता होता. वाचनालयाच्या मोठ्या घड्याळाचा लोलक ज्या पोलादी पट्टीला टांगतात, ती मेव्हण्यानं फोनवर मागवली होती. व्यापारी विचारत होता, 'जाड की पातळ? उत्तर आलं नाही तर जाड पाठवतो.'

त्या घड्याळाला पातळच लागते, हे घड्याळजींना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि कॉम्प्युटर बंद केला.

जाड पट्टी आली. मेव्हण्याला घाई होती, त्यानं पाकीट फोडून तीच बसवली. घड्याळ कधी पुढे पळे, कधी गचके खाऊन थांबे. ग्रंथपाल बाईंनी मेव्हण्याला तक्रारीची मेल केली, तीही जुन्याच पत्त्यावर. घड्याळजींनी ती चहाबरोबर दोनदा वाचली. व्यापाऱ्यासारखंच बाईंनाही त्यांनी उत्तर दिलं नाही.

शेवटी बाई हमालाच्या डोक्यावर घड्याळ देऊन त्यांच्याच दारात आल्या.

"तुमचे मेव्हणे साधं उत्तरसुद्धा देत नाहीत हो! तुम्हीच बघा आता."

"मी बघतो. पण त्यालाही बोलवा."

मेव्हणा रस्ता ओलांडून आला. घड्याळजींनी त्याच्यापुढे चिमटा धरला आणि खणातून पातळ पट्टी काढली.

"बसव."

"मी?"

"माझा हात थरथरतो ना? तूच बसव. मी सांगतो तसं. बाई, तुम्ही अशा समोर बसा, नीट दिसेल."

मेव्हणा घामाघूम झाला. "जरा वर," "दाबू नकोस," "हे मी तुला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं," असं घड्याळजी सावकाश बोलत राहिले. मेव्हण्याची बोटं मात्र दगडासारखी स्थिर होती. ती बघताना त्यांनी स्वतःचा हात खिशात घातला.

लोलक हलला. एकसारखा.

"व्यापाऱ्यानं विचारायला हवं होतं मला," मेव्हणा पुटपुटला.

"विचारलं होतं. मेल माझ्याकडे आली."

"मग कळवलं का नाहीत, भावोजी?"

"उत्तर लिहायला हात थरथरत होता."

ग्रंथपाल बाई एकदम घड्याळाकडे बघू लागल्या. मेव्हण्याचा चेहरा उतरला.

"चुकलो मी," तो म्हणाला. "आता तरी माझ्या मेल माझ्याकडे वळवा."

घड्याळजींनी शेजारच्या गाळ्याकडे तोंड करून हाक मारली, "अगं, तुझी ती तिसरी तऱ्हा लाव बाई!"

मेव्हण्यानं सुटकेचा निःश्वास टाकला.

"पण फक्त तक्रारीच्या पत्त्याला," घड्याळजी म्हणाले. "माझ्या दुकानाच्या तक्रारी यापुढे सगळ्या याच्याकडे जाऊ देत. याच्या मेल मात्र येतात तिथेच बऱ्या आहेत."