सोडू की राहू

अगं, इकडे कान कर जरा. समोर असलीस की बोलू देत नाहीस, म्हणून लिहून सांगते. स्वस्त तिकिटांच्या विमानाची पायलट तू, आणि नोकरी सोडू की नको हे विचारतेस कुणाला? बेलवलीतल्या मावशीला, जिने विमानात कधी पाय ठेवला नाही.

गेल्या रविवारीही तेच. मी पोळ्या लाटत होते. तू म्हणालीस, ऐन वेळी ड्युटी बदलतात, गौरीच्या सणालासुद्धा घरी येता आलं नाही. म्हटलं, मग सोड की, ती दिल्लीची मोठी कंपनी बोलावतेय ना, जा. तर माझ्यावरच उखडलीस.

"तुला काय कळतंय मावशी? इथे वर्षभरात कॅप्टन होईन. तिथे परत रांगेत शेवटी."

शेवटची पोळी भाजून झाली तरी तुझं भांडण चालूच. त्याआधी एकदा 'राहा' म्हटलं होतं, तर मुकाट चहा प्यायलीस. बाई गं, तुला राहायचंच आहे. फक्त उद्या ड्युटी बदलली की 'मावशीनेच सांगितलं' म्हणायला मी हवी. ते नाही जमायचं. तुझं तूच ठरव, आईला तूच सांग. आणि सुट्टी मिळाली की लगेच ये, न कळवता आलीस तरी चालेल.