मधल्या तारेवरची लाइट

इबादान शहरातल्या त्या गल्लीत लाइट आली की पहिली आरोळी बोसेदेच्या आईची. "आलीऽऽ!" मग पोरं ओरडायची, म्हातारे टाळ्या पिटायचे, कोंबड्यासुद्धा उगाच पंख फडफडवायच्या.

बाईचा धंदा बर्फातल्या माशांचा. नवरा गेल्यावर तिने मोठा फ्रीझर घेतला आणि त्याच्या जिवावर पोरी उजवल्या. जावयापेक्षा त्याचा मान जास्त. लाइट गेली की त्याच्यावर गोधड्या पडायच्या आणि झाकणाला हात लावणाऱ्याचा उद्धार व्हायचा.

या खेपेला लाइट जाऊन तिसरा दिवस. पंपावर पेट्रोल नाही, म्हणून जनरेटरही मुका. उद्या लेकीच्या, बोसेदेच्या बाळाचं बारसं. जेवणाचे मासे फ्रीझरमध्ये, आणि विकायचा सगळा मालही तिथेच. आजची रात्र माशांनी काढली नाही, तर जेवणही गेलं आणि धंदाही.

दिवेलागणीला फ्रीझर थरथरला आणि घुमू लागला. बाईने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

गल्लीत खांबावरून तीन तारा येतात. घरोघरी एक कळ असते. ज्या तारेत जीव असेल तिच्यावर ती फिरवायची. आज शेजारीपाजारी सगळं अंधारात, म्हणजे लाइट फक्त तिच्या, मधल्या तारेवर आली होती. ओरडावं, तर अख्खी गल्ली त्याच तारेवर येऊन बसणार आणि फ्यूज उडणार. दर वेळी हेच होतं आणि दर वेळी सगळे नव्याने चकित होतात.

तिने बल्ब काढला, खिडकी लावली आणि उकाड्यात गप्प बसली. पण आजवर कधी न गिळलेली आरोळी माशाच्या काट्यासारखी घशात अडकली. पलीकडे मोरेनची आई तान्ह्याला पुठ्ठ्याने वारा घालत होती. तो फटफट आवाज बाईला ऐकवेना. शेवटी ती उठून कुंपणाशी गेली.

"मोरेनच्या आई, कळ मधल्या तारेवर घे. फक्त पंखा लाव. आणि कुणाला बोलू नकोस हं!"

"मी? माझ्या तोंडाला कुलूप असतं, ताई!"

कुलूप होतं खरं, पण ते नवऱ्यापुरतं उघडलं. नवऱ्याने फक्त लामिदी शिंप्याला सांगितलं. लामिदीबाबांनी फक्त भावाला. थोड्याच वेळात, अंगाची लाही होत असताना, गल्लीतली एकेक खिडकी बंद होऊ लागली. लाइट आली आणि कुणी ओरडलं नाही, असं त्या गल्लीत पहिल्यांदाच घडत होतं. बाई अंधारात बसून कौतुक करत होती, "किती गुणी माणसं! बिचारी लवकर झोपली."

तेवढ्यात खांबावर फाडकन आवाज झाला. फ्रीझर गप्प. आणि त्याच क्षणी घराघरातून एकदम सूर निघाला, "अरेरेऽऽ गेली!"

ज्याच्याकडे आलीच नव्हती, त्याची जाणार कुठून?

बाई दारात आली. बाकीचीही दारं हळूहळू उघडली. कुणी कुणाकडे बघेना.

"लामिदीबाबा, तुमचा सूर ओळखला मी. इस्त्री लावली होतीत ना?"

"लावली होती," बाबा पुटपुटले. "पण तुझ्याच नातवाच्या बारशाचे कपडे गं! रिवाजाप्रमाणे सगळी गल्ली एकाच ताग्याचे कपडे घालणार, मग चुरगळलेले कसे चालतील?"

"आणि तुम्ही?" बाई बाकीच्यांकडे वळली.

"आम्हीही इस्त्रीच."

"आम्हीपण."

बाई बघतच राहिली. तिच्याच नातवाच्या मानापायी घरोघरी इस्त्र्या तापल्या होत्या, आता रागवायचं कुणावर? आधी मोरेनची आई फिसकन हसली, मग सगळी गल्ली. हसता हसता बाईने कमरेला गुंडाळलेल्या कापडाच्या टोकाने डोळे पुसले. ते पाणी सगळं हसण्याचंच होतं, असं नाही.

तिने गोधड्या ओढून काढल्या, झाकण सताड उघडलं.

"आता उद्याची वाट नाही बघायची. सगळा माल धुरावर धरायचा. भाव पडेल, पण मासा टिकेल. ज्याच्या ज्याच्या घरातून 'अरेरे' ऐकू आलं, त्याने लाकडं आणायची!"

लामिदीबाबा एका बाहीला इस्त्री झालेला झगा खुंटीला अडकवून कुऱ्हाड शोधायला गेले.