लोखंडाला अहो-जाहो

बार उचलण्याआधी काकू त्यावर हलकी थाप मारत, बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि म्हणत, "उठा आते," म्हणजे उठा आता. लोखंडाला अहो-जाहो करणारी बाई तुम्ही बहुतेक पाहिली नसेल. मी शहाद्याच्या जिममध्ये, दुपारच्या महिलांच्या वेळेत पाहिली.

मी तिथे भिंतीकडे तोंड करून व्यायाम करायची. काकूंनी हटकलंच, "काब्रं व पोरी, भितडाशी भांडी ऱ्हायनी का?" सगळ्या हसल्या. मीही हसले, भिंतीकडेच बघून.

काकू प्रकाशा गावाहून येत. खोचलेली साडी, पायात मुलाचे जुने बूट. काकांची एक बाजू लुळी पडली होती आणि परक्याचा हात त्यांना चालत नव्हता. सकाळी ओट्यावर बसायचं, एवढंच ते मागत. खाटेवरून उचलताना एकदा दोघंही पडले होते. "त्यासनं वजन आठे मांडी दे," काकूंनी शिकवणाऱ्या ताईंना सांगितलं, "माले तेवढंच उचलनं शे."

"आधी रिकामा बार," ताई म्हणाल्या. "आणि एक दिवसाआड."

काकू रोज येत राहिल्या. शेवटी चहाचा कपही हातात थरथरायला लागला. ताईंनी समजावलं, "वजन उचलून स्नायू थकतात, काकू. ताकद येते ती नंतरच्या आरामात. शरीर झीज भरून काढतं, वर थोडं जास्तच तयार होतं."

"म्हंजे वावरनं मायक," काकू म्हणाल्या. "पानी दिधं का वाफसा येऊ देनं पडस." पाणी मुरून माती मोकळी होईपर्यंत थांबायचं, हे त्यांना शेतातून ठाऊक होतं; त्यानंतर सुट्टीचा दिवस त्यांनी कधी मोडला नाही.

बारवर हळूहळू चकत्या वाढल्या. उन्हाळ्यात काकांच्या वजनाचा बार उचलला गेला, आणि पुढच्या खेपेला काकू पेढे घेऊन आल्या. काका ओट्यावर बसले होते.

दिवाळीनंतर एकदा त्या बारला हात न लावता नुसत्या बसून होत्या. काय झालं, असं मीच विचारलं.

"ते हलका व्हई ऱ्हायनात. माले वाटनं, मन्ही ताकद वाढनी. पन आठे बार तेवढाच जड लागस."

ताई चकत्या कमी करायला वाकल्या. काकूंनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. ते चांगला व्हतात तवयनं वजन शे हाई."

मग थाप मारली. "उठा आते." बार वर आला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

काका गेल्यावर मुलगा त्यांना सुरतला घेऊन गेला. कधी कधी मी तेवढ्याच चकत्या चढवते, भिंतीकडे पाठ करते आणि बारवर थाप मारते. तो अजून गुडघ्यापर्यंतच येतो. मग खाली ठेवते, आणि एक दिवस वाफसा येऊ देते.