दसऱ्याला पुजलेली जपानी बंदूक

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर तर कधीकधी मलाच लागत नाही. चौथीत शाळा सुटली. चूकभूल माफ करावी.

आमचे जावई इंजिनिअर, इथे कॅनडातल्या केंब्रिजला गाड्यांच्या कारखान्यात. एका म्हाताऱ्या गोऱ्याच्या घरातलं सामान विकायला निघालं होतं, तिथे त्यांना लांब नळीची जुनी बंदूक दिसली. वात पेटवून उडवायची, तोड्याची. बघताच त्यांच्या अंगात मावळा संचारला. "आई, आपल्या मराठ्यांचीच आहे ही!" पैसे मात्र मावळ्याकडे कमी पडले.

मी इथल्या मराठी मंडळाच्या लोकांना चकल्या, पुरणपोळ्या करून देते. साताऱ्याला थोरली बहीण अंथरुणाला खिळली आहे, तिला भेटायच्या तिकिटासाठी थोडे पैसे साठवले होते. जावई म्हणाले, "पुढच्या पगारापर्यंतच." मला नाही म्हणता येत नाही. त्यात जावई. दिले.

पगार आले, गेले. बहीण फोनवर विचारायची, "कधी येतेस गं?" मी म्हणायची, थंडी सरू दे.

खंडेनवमीला हत्यारं स्वच्छ करायची म्हणून जावयांनी बांबूच्या खुंट्या काढून नळी उचलली, तर तिच्या पोटाशी अक्षरं कोरलेली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, बंदुकीला हळदकुंकू, झेंडूचा हार, आरती. दर्शनाला मंडळ लोटलं. एका रिटायर्ड डॉक्टरांनी अक्षरांचा फोटो मोठा करून बघितला.

"मोडी आहे."

"तुम्हाला मोडी वाचता येते?" मुलीने विचारलं.

"वाचता नाही येत. ओळखता येते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुरणपोळ्या माझ्याच होत्या, त्याही फुकट.

मग इन्शुरन्ससाठी किंमत काढायला ती टोरोंटोच्या एका जुन्या हत्यारांच्या दुकानात नेली. मला सोबत घेतलं, कारण मागच्या सीटवर ती कुणीतरी धरायला हवी होती. दुकानदारीणबाईंनी एका नजरेत सांगितलं, जपानी. दस्ता आखूड, खांद्याला नाही, गालाला लावायचा. पितळेची स्प्रिंग बाहेरच्या अंगाला. नळी बांबूच्या खुंट्यांनी बसवलेली. अक्षरं म्हणजे ती घडवणाऱ्या कारागिराचं नाव.

"आर यू शुअर?" जावई म्हणाले. "आमच्या डॉक्टरांनी कन्फर्म केलंय," हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं.

"डॉक्टर ऑफ व्हॉट?"

"हार्ट."

बाई हसल्या नाहीत. सभ्य होत्या. वर म्हणाल्या, विकायची असेल तर मी घेते, चांगली आहे. जावयांना जपानी मावळा विकायची लाज वाटली.

परतताना हायवेवर ते म्हणाले, "आई, मंडळात एवढ्यात काही बोलू नका हं."

मी मंडळात कधी बोलले? पण त्या दिवशी तोंड उघडलं. "नाही बोलणार. पण मला साताऱ्याला जायचंय. ती थांबेल असं वाटत नाही मला."

त्यांनी पुढच्या एक्झिटला गाडी वळवली आणि ते पुन्हा त्याच दुकानात गेले. बाईंनी दिलेले पैसे त्यांनी तिथेच, काउंटरवर, माझ्या हातात मोजून ठेवले. तिकिटाला पुरतील एवढे.