करदोड्याची चावी

लष्करातून सुटल्यावर सायली गावातल्या एका कारखान्याच्या गेटवर मी पंधरा वर्षं गनमन होतो. बंदूक माझी स्वतःची, लायसन्सची, दोन नळ्यांची. मी निवृत्त झालो आणि ती घरी येऊन कपाटात बायकोच्या साड्यांमागे उभी राहिली. त्यावरून कधी कुरबुर झाली नव्हती.

मग मुलीला मसाटला नोकरी लागली. चार वर्षांची नात दिवसभर आमच्याकडेच राहणार, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. मुलगी म्हणाली, "पप्पा, बंदूक आणि माझी पोरगी एका घरात नको. बंदूक शस्त्रांच्या दुकानात जमा करा, नाहीतर मी दुसरी सोय बघते." मी तापलो. लष्करातली वर्षं, गेटवरची वर्षं, सगळं ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्यावर भरवसा आहे. साड्यांवर नाही."

म्हणून तिजोरी. बंदुकीच्या उंचीची सुतळी कापून खिशात घातली आणि बाजारात गेलो.

"काका, सोना माटे?" दुकानदारानं गुजरातीत विचारलं, सोन्यासाठी हवी का म्हणून.

"बंदूक माटे," म्हटल्यावर त्यानं हातातला चहा खाली ठेवला.

त्याच्या सगळ्या तिजोऱ्या बुटक्या. एक उंच होती, तिचं दार जाडजूड, पण मागचा पत्रा अंगठ्यानं दबत होता. तीन दुकानं फिरल्यावर अरुंद, उभी, सुतळीला पुरून उरणारी मिळाली. मिस्त्रीनं ती पक्क्या विटांच्या भिंतीत बोल्टांनी आवळली. बंदुकीचं चामड्याचं कव्हर मी काढून टाकलं, कारण आमच्या इथल्या दमट हवेत ते ओल धरतं आणि नळ्यांना गंज चढतो. बंदूक रिकामी करून उभी ठेवली. काडतुसं आतल्या छोट्या कप्प्यात, त्याला वेगळं कुलूप. लायसन्स दाराच्या आतल्या खिशात. मी दार तीनदा उगाचच उघडलं आणि लावलं, इतका खूष होतो.

बायकोनं दारावर हळदीकुंकू लावलं, स्वस्तिक काढलं. आत डोकावून म्हणाली, "एवढी मोठी तिजोरी नि आत एकली बंदूक? लक्ष्मीले जागा नई का?" मग तिचे दागिने आत गेले, घराचे कागद गेले, रेशनकार्ड गेलं. जागा होती, मी ठेवू दिलं. आता तिजोरी दिवसातून चारदा उघडायची, म्हणजे चावी हाताशी हवी. मी ती ठेवली देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागे. आमच्या घरातली प्रत्येक चावी आजवर तिथंच राहिली आहे.

रविवारी मुलगी बघायला आली. मी तिला एकेक गोष्ट छाती फुगवून दाखवली. ती मान डोलवत होती. तेवढ्यात आजीबरोबर देवाला फुलं वाहणारी नात धावत आली, हात उंच करून.

"आजोबा, बाप्पाची चावी!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी पोरीला कडेवर घेऊन निघून गेली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी सगळा राग बायकोच्या रेशनकार्डावर काढला. तिनं फक्त विचारलं, "चावी कोनी ठेवली व्हती मंग?" तिचं सामान परत कपाटात गेलं. तिजोरीची चावी मी कमरेच्या करदोड्यात घट्ट गाठ मारून अडकवली. काडतुसांच्या कप्प्याची चावी बायकोनं मंगळसूत्रात ओवली. आता दोघांनी मिळून ठरवल्याशिवाय ती बंदूक म्हणजे नुसती काठी. आयुष्यभर एकट्यानं शस्त्र सांभाळलं. वाटणी मला आवडेल असं वाटलं नव्हतं, पण आवडली.

पुढच्या रविवारी मुलीला फोन करून पुन्हा बोलावलं. आल्यावर तिनं पोरीला सांगितलं, "चावी शोध बरं." पोरीनं देव्हारा पाहिला, तांदळाचा डबा पाहिला, गादी उचलली. मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि शर्टावरून पोट चाचपलं.

"इथंय," ती म्हणाली. दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. "पण निघत नाही!"

मुलीनं स्वतः एकदा ओढून पाहिलं. मग हसली.

दुसऱ्या दिवशी ती ड्युटीच्या आधी आली. पोरीच्या एका हातात डबा होता, आणि दुसऱ्या हातात तिची झोपायची उशी.